मुंग्या येतात, किती दिवस वाट पाहू?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. फिजिओथेरपी करणाऱ्या माणसाला हा प्रश्न उपचाराच्या खोलीत जेवढा विचारला जातो, त्याहून जास्त लिफ्टमध्ये आणि फोनच्या शेवटी, ‘बरं, जाता जाता एक’ म्हणून विचारला जातो. सगळ्यांना आकडा हवा असतो. आकडा आहे, पण तो नेमकं काय दबलंय किंवा बिघडलंय त्यावर ठरतो.

मांडी घालून किंवा पायावर पाय टाकून बसलात आणि पाय ‘झोपला’, तर काही मिनिटं. दाबामुळे नस आणि तिला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या दबतात, संदेश जायचे थांबतात आणि पाय बधिर होतो. दाब निघाला की नस पूर्ववत होताना उगाचच संदेश सोडत राहते. त्याच त्या मुंग्या. म्हणजे मुंग्या सुरू झाल्या तेव्हा सुटका झालेली असते. फक्त तेवढ्यात उठून चालायला लागू नका. पाऊल कुठे पडतंय ते कळत नसताना घोटा सहज मुरगळतो.

अर्धा-पाऊण तास होऊनही पाय ताळ्यावर येत नसेल, तर उभं राहून पाऊल वर उचलून बघा. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, हाडाच्या गाठीवरून एक नस अगदी कातडीखालून जाते. पायावर पाय टाकून फार वेळ बसलं की ती दबते. मग पंजा वर उचलत नाही, चालताना जमिनीला घासतो. असंच खुर्चीच्या पाठीवर हात टाकून गाढ झोपलेल्याचं मनगट सकाळी लुळं पडलेलं असतं. नसेच्या आवरणालाच दुखापत झाली असेल तर काही आठवड्यांत सुधारतं. आतला तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो. दंडापासून मनगटापर्यंतचा हिशोब तुम्हीच करा. अशक्तपणा दिसला की ‘बघू दोन दिवस’ म्हणू नये.

मुळीच वाट पाहू नये अशाही मुंग्या असतात. चेहऱ्याच्या, हाताच्या किंवा पायाच्या एकाच बाजूला अचानक मुंग्या किंवा बधिरपणा आला, सोबत तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हातातली वस्तू गळाली, की घड्याळात वेळ बघा आणि ॲम्ब्युलन्स बोलवा. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, म्हणून सुरुवात कधी झाली हे डॉक्टर आधी विचारतात. दहा मिनिटांत सगळं आपोआप ठीक झालं तरी जायचंच, आणि लगेच. तो पुढच्या झटक्याचा इशारा असू शकतो. अर्धशिशीतही एका बाजूला मुंग्या येतात. त्या बोटांपासून तोंडापर्यंत हळूहळू, काही मिनिटं घेत सरकतात. पण पहिल्यांदाच झालं असेल तर हा फरक घरी बसून ठरवू नका.

दोन्ही पावलांतून सुरू होऊन मुंग्या दिवसागणिक वर चढतायत आणि पाय लटपटतायत, विशेषतः नुकतेच जुलाब किंवा ताप होऊन गेलेत, तर त्याच दिवशी रुग्णालय; हा आजार श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचू शकतो. कंबरदुखीसोबत जांघांच्या आतली, बैठकीची जागा बधिर झाली आणि लघवी होईना, तर त्याच रात्री. मान किंवा पाठीला मार लागल्यावर आलेल्या मुंग्याही याच रांगेत.

बाकीच्या, म्हणजे महिनोन्‌महिने येणाऱ्या-जाणाऱ्या मुंग्यांबद्दल मी उलट विचारते: कुठल्या बोटांना? उत्तर ठरलेलं, ‘अख्ख्या हाताला’. मग मी सांगते, पुढच्या वेळी करंगळीकडे लक्ष द्या. करंगळी शाबूत आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर असेल, तर नस बहुधा मनगटात दबतेय. अनामिकेची तर गंमत असते. एकाच बोटाच्या मधल्या बोटाकडच्या बाजूवरून कापूस फिरवला तर जाणवत नाही, करंगळीकडच्या बाजूला लख्ख जाणवतो. तिथे दोन नसांची हद्द आहे. उलट करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू बधिर असेल तर कोपराकडे बघायचं. कोपर दुमडून तासन्‌तास फोन कानाला लावणाऱ्यांचं हे दुखणं.

मनगटातला त्रास रात्री जागं करतो, कारण झोपेत मनगट दुमडलं जातं. माणूस उठतो, हात झटकतो, बरं वाटतं, परत झोपतो. गरोदरपणात, थायरॉइड कमी असताना, मधुमेहात हे जास्त. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा काही आठवडे बांधला की बऱ्याच जणांना आराम पडतो. मात्र शर्टाची बटणं लावताना बोटं चुकायला लागली किंवा अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा सपाट दिसू लागला, तर पट्ट्यावर भागणार नाही. तिथे ऑपरेशनचा विचार करावा लागतो.

दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन हळूहळू वर सरकणाऱ्या मुंग्या आपणहून जातील अशी आशा धरू नये. साखर तपासा, बी-12 तपासा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-12 कमी होऊ शकतं, प्राण्यांपासूनचं काहीच न खाणाऱ्यांतही. ही कमतरता लांबली तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं.

आणि इथे माझी चिडचिड होते. लोक तपासणीआधीच दुकानातून ‘नसांच्या गोळ्या’ आणून खातात. मग रक्तातलं बी-12 छान दिसतं आणि मूळ कारण झाकलं जातं. शिवाय अशा बऱ्याच गोळ्यांत बी-6 असतं, आणि ते फार दिवस, फार मात्रेत घेतलं तर त्यानेच पायांना मुंग्या येतात. तेव्हा गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरांकडे जाताना पाकीटच घेऊन जा. नुसतं नाव सांगून मात्रा कळत नाही.