रविवारचा फोन आणि नंबर थिअरी

चाळीसगावात नववी-दहावीला गणित शिकवतेय त्याला एकवीस वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी नववीत विभाज्यतेच्या कसोट्यांची उजळणी चालू होती. एका मुलीने विचारलं, "मॅडम, ३ ची आहे, ९ ची आहे, ११ ची पण आहे. मग ७ ची का नाही?" मी म्हटलं, "आहे, पण किचकट आहे," आणि पुढे गेले. सांगितलं ते खोटं नव्हतं. पण किचकट का, हे मला माहीत नव्हतं, आणि दिवसभर ते मनातून जाईना.

बी.एस्सी.ला माझा विषय गणितच होता, पण नंबर थिअरी, म्हणजे पूर्ण संख्यांच्या गुणधर्मांचं गणित, कधी अभ्यासाला आली नाही. आता नोकरी आणि घर सोडून पुण्या-मुंबईला जाऊन शिकणं शक्य नव्हतं. एनपीटीईएल या आयआयटींचे ऑनलाइन कोर्स देणाऱ्या संकेतस्थळावर आयआयटी मुंबईचा नंबर थिअरीचा १२ आठवड्यांचा कोर्स सापडला. नोंदणीला पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेचे १००० रुपये भरायचे. मी ते अर्ज खुला झाल्या दिवशीच भरले. पैसे भरलेत म्हटल्यावर मधेच सोडवत नाही, हा स्वतःचा स्वभाव मला ठाऊक आहे.

पहिले दोन आठवडे मसावि आणि तो काढायची युक्लिडची पद्धत यांत गेले. तिसऱ्या आठवड्यात समशेष संख्या, म्हणजे एकाच संख्येने भागल्यावर सारखी बाकी उरणाऱ्या संख्या, आल्या आणि त्या मुलीचं उत्तर समोर आलं. १०, १००, १००० या सगळ्यांना ९ ने भागलं तर बाकी १ उरते, म्हणून अंकांची नुसती बेरीज पुरते. ११ ने भागलं तर बाकी आलटून पालटून १ आणि उणे १ धरता येते, म्हणून एकाआड एक अंक अधिक-वजा करायचे. पण ७ ने भागायला घेतलं की एककापासून बाक्या येतात १, ३, २, ६, ४, ५, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक अंकाला वेगळ्या संख्येने गुणावं लागतं, किचकटपणा तो इथे. मात्र १००१ म्हणजे ७ × ११ × १३, त्यामुळे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून एकाआड एक अधिक-वजा केले, तरी ७ चा निकाल लागतो. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या मुलीला बोलावून हे फळ्यावर करून दाखवलं. तिने घरचा मोबाइल नंबर घेऊन तिथेच ताडून पाहिला.

अभ्यास रात्री साडेनऊनंतर, ओटा आवरला की. व्याख्यानं इंग्रजीत, पण भाषा अडली नाही, कारण फळ्यावरचं गणित वाचता येत होतं. मी दर पाच मिनिटांनी व्हिडिओ थांबवायची, पुढची ओळ स्वतः लिहून बघायची आणि मगच पुढे जायची. अर्ध्या तासाच्या व्याख्यानाला दोन तास लागत. घाई करून ऐकलेलं दुसऱ्या दिवशी काही उरत नसे.

प्रश्नसंच दर आठवड्याला, पर्याय निवडायचे किंवा संख्या भरायची. तपासणी संगणक करतो. पहिल्या पाच संचांत मला जवळजवळ पैकीच्या पैकी गुण मिळाले आणि मला वाटलं, जमतंय. तसं नव्हतं, हे सहाव्या आठवड्यात कळलं.

माझी कॉलेजातली मैत्रीण पुण्यात असते. तिलाही मी या कोर्सला ओढलं होतं. आमचं ठरलं होतं की दर रविवारी सकाळी फोन करायचा आणि एकीने एक सिद्धता दुसरीला न बघता सांगायची. त्या रविवारी पाळी माझी होती, विल्सनचं प्रमेय. १ पासून १२ पर्यंतच्या संख्यांचा गुणाकार केला आणि १३ ने भागलं तर बाकी १२ उरते. कुठलीही मूळ संख्या घेतली तरी बाकी तिच्याहून एकाने लहान. मी जुन्या कॅलेंडरच्या पानामागे जोड्या लावून ठेवल्या होत्या: २ आणि ७, ३ आणि ९, ४ आणि १०, ५ आणि ८, ६ आणि ११. प्रत्येक जोडीच्या गुणाकाराला १३ ने भागलं की बाकी १. एकटे राहिले १ आणि १२, त्यांची जोडी स्वतःशीच. म्हणून बाकी १२. झालं.

"थांब गं," ती म्हणाली. "एकटे राहणारे दोनच कशावरून?"

"दिसतायत की."

"१३ ला दिसतायत. बाकीच्या मूळ संख्यांना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोन ठेवला आणि ८ घेऊन बघितलं. ८ शी सामाईक विभाजक नसलेल्या संख्या १, ३, ५, ७. यातल्या प्रत्येकीचा वर्ग ८ ने भागला की बाकी १ च येते. म्हणजे चारही एकटे! मग १३ मध्ये असं काय आहे जे ८ मध्ये नाही? दुपारी डाळ शिजत असताना सुचलं. वर्गाची बाकी १ असेल तर त्या संख्येच्या एक मागची आणि एक पुढची, या दोघींच्या गुणाकाराला १३ ने भाग जातो. १३ मूळ आहे, तेव्हा दोघींपैकी एकीला तरी भाग जायलाच हवा. मग ती संख्या १ तरी असते, नाहीतर १२. आठाचं मात्र ३ च्या मागच्या २ आणि पुढच्या ४ मध्ये विभाजन होतं, म्हणून तिथे ३ पण एकटी राहते. सिद्धतेचा सगळा जीव या एका ओळीत होता आणि मी नेमकी तीच ओळ गाळली होती. प्रश्नसंचात मात्र विल्सनवरच्या प्रश्नाला मला पूर्ण गुण होते.

घरबसल्या गणित शिकताना खरी अडचण इथे येते, असं माझं मत झालं आहे. वर्गात सर फळ्याशी बोलावतात, खडू हातात देतात, आणि सिद्धतेच्या दुसऱ्याच ओळीला विचारतात, "हे कुठून आलं?" घरी ते विचारणारं कोणी नसतं. ज्यांना असा कोर्स करायचाय त्यांनी आधी एक माणूस शोधावा. त्याला गणित आपल्यापेक्षा जास्त यायची गरज नाही, न लाजता "कशावरून?" विचारता आलं म्हणजे पुरे. त्या दिवसापासून मी प्रत्येक प्रमेय आधी मूळ संख्येवर आणि मग मुद्दाम ८, १२, १५ वर करून बघू लागले. जिथे मोडतं तिथे अट कशासाठी घातली ते कळतं.

क्वाड्रॅटिक रेसिप्रॉसिटीने मात्र घाम फोडला. दोन मूळ संख्या घ्यायच्या आणि बघायचं: पहिलीला दुसरीने भागून जी बाकी उरते, तीच बाकी एखाद्या वर्गालाही उरते का, आणि उलट बाजूनेही तसंच जमतं का. ५ आणि ११ घ्या. ११ ला ५ ने भागून बाकी १, तो वर्ग आहेच; आणि ४ च्या वर्गाला, १६ ला, ११ ने भागून बाकी ५. दोन्हीकडून जमतं. ३ आणि ७ मध्ये एकाच बाजूने जमतं, कारण दोघांनाही ४ ने भागून बाकी ३ उरते. नियम सांगायला दोन ओळी. जर्मन गणितज्ञ गाऊसने १७९६ मध्ये याची पहिली सिद्धता दिली तेव्हा त्याला विसावं वर्षही लागलं नव्हतं. मी तीन आठवडे झगडले, ओळ न् ओळ पडताळली, तरी हे असं का व्हावं ते आतून उमगलं नाही.

परीक्षा नाशिकला, सकाळच्या सत्रात. पहाटेच्या गाडीने गेले. संगणकावर तीन तासांचा पेपर. तासाभराने माझा संगणक बंद पडला. दुसऱ्यावर बसवलं, आधीची उत्तरं जशीच्या तशी होती, पण हात थरथरायला लागले होते आणि पुढचे दोन प्रश्न त्यातच गेले. निकाल लागला, ६८.

परीक्षेनंतर आम्ही दोघींनी ब्रह्मगुप्ताचं समीकरण हाती घेतलं, ज्याला पेलचं समीकरण म्हणतात. ६१ ला एका वर्गाने गुणून १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्ग कधी येतो? सगळ्यात लहान उत्तरात १७६६३१९०४९ आणि २२६१५३९८० या संख्या येतात. भास्कराचार्यांनी 'बीजगणित' या ग्रंथात ते चक्रवाल पद्धतीने, म्हणजे तीच कृती चक्रासारखी पुन्हा पुन्हा करत, काढलंय, आणि फ्रेंच गणितज्ञ फर्माने हाच ६१ चा प्रश्न युरोपातल्या गणितज्ञांपुढे टाकला तो १६५७ मध्ये. आमच्या तालुक्यातल्या पाटण्याला १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ काढला, असं त्यात कोरलंय. शाळेची सहल घेऊन मी किती वेळा तिथे गेले असेन. मुलांना नाव सांगायची, तारीख सांगायची. त्यांनी केलेलं गणित वहीत पहिल्यांदा उतरवलं ते या मे महिन्यात. ६१ च्या चक्रातल्या पायऱ्या आता हाताने करता येतात.

गाऊसचा प्रश्न अजून तसाच आहे. येत्या रविवारी पाळी मैत्रिणीची, तिने दुसरी एक सिद्धता वाचायला घेतली आहे. मी वही आणि ३, ७, ११, १९ या संख्या काढून ठेवल्या आहेत.