गोळी सुरू करण्यापूर्वीचे पंधरा दिवस

सीएच्या अंतिम परीक्षेला तीन महिने उरले असताना गंगापूर रोडवरच्या अभ्यासिकेत मी लेखापरीक्षणाचे एकच पान सकाळपासून दुपारपर्यंत उघडे ठेवून बसत असे, आणि पहाटे साडेतीनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नसे. मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्राम हे नैराश्य आणि चिंतेवरचे औषध लिहून दिले. ती चिठ्ठी मी पंधरा दिवस कंपासपेटीत घडी घालून ठेवली. गोळ्यांची सवय लागेल, ही आईची भीती माझीही होती. या गोळ्यांची नशेसारखी चटक लागत नाही, मात्र त्या एकाएकी सोडल्यास चक्कर येते, अस्वस्थ वाटते, म्हणून मात्रा हळूहळू उतरवावी लागते, हे डॉक्टरांनी शांतपणे समजावले. मला अधिक महत्त्वाचे वाटले ते दुसरेच: गुण यायला साधारण २ ते ६ आठवडे लागतात, मळमळ पहिल्याच आठवड्यात होऊ शकते, आणि पंचविशीच्या आतील काहींच्या मनात सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून घरच्यांचे लक्ष हवे. मी २३ वर्षांची आहे. तेव्हा आईला सगळे सांगितले आणि सोमवारी नाश्त्यानंतर तिच्यासमोरच पहिली गोळी घेतली. समुपदेशनही सुरू आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मी अभ्यासिकेच्या फळ्यावर लिहिला आहे. अजून कोणी पुसलेला नाही.