चिमूटभर कॉफी

"१९ ग्रॅम झाली, १८च हवी," असं म्हणत कॅफेत काउंटरमागच्या मुलीनं काट्यावरच्या फिल्टरमधून चिमूटभर पूड काढली. मागे रांग होती, तरी घाई नाही. तेव्हापासून ती चिमूट डोक्यातून जात नाहीये.

इटलीत पूर्वापार एस्प्रेसोच्या (दाबानं गरम पाणी सोडून काढलेल्या दाट कॉफीच्या) एका शॉटला, म्हणजे एका छोट्या कपाला, साधारण ७ ग्रॅम पूड, डबलला १४. आता बऱ्याच ठिकाणी डबलला १८ घालतात आणि २५-३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास एस्प्रेसो काढतात. पूड जास्त झाली की पाणी अडतं, धार थेंबथेंब पडते. कमी झाली की पाणी भसकन निघून जातं आणि कप आंबट, पांचट लागतो.

एवढंसं पेय, पण केवढी काळजी! फार आवडलं मला ते.

तुम्ही घरी वजन करून घालता, की अंदाजानं?