रॅलेचा बिल्ला आणि न सुटणारा उजवा कप

जुनी रोड बाइक घेतली असेल आणि ती कुठल्या कंपनीची, कुठल्या मॉडेलची हे नक्की ठाऊक नसेल, तर तिच्या बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा एक्सल ज्यात फिरतो ते खालचं बेअरिंग) उजव्या कपाला, म्हणजे छर्रे धरणाऱ्या आट्यांच्या वाटीला, कुणालाही पाना लावू देऊ नका. आधी व्हर्निअर घेऊन फ्रेमच्या नळ्या मोजा आणि मगच दुकानाची पायरी चढा. या एका कपापायी माझी सायकल जवळजवळ अख्खा पावसाळा एका दुकानाच्या मागच्या पडवीत पडून होती. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सायकल मिळाली गोव्यातल्या बार्देशात, हळदोण्याच्या एका घरात. घरातले थोरले काका तारवटी होते, जन्मभर जहाजावर नोकरी केलेले. ते गेल्यावर भाच्याने कोठी रिकामी करायला काढली आणि "रॅले आहे, अस्सल इंग्लंडची" असं सांगून सायकल मला दिली. हेड ट्यूबवर रॅलेचा बगळ्याचा बिल्ला होताच. बाकी अंगावर एक अक्षर नव्हतं. खाऱ्या हवेने गंज धरला असणार, म्हणून कुणीतरी मूळ रंग पत्र्यापर्यंत खरवडून, रेडऑक्साइड मारून वर काळा एनॅमल चढवला होता. ट्रान्सफर, पट्टे, कंपनीचं नाव, सगळं त्यात गेलं.

बिल्ल्यावर माझा विश्वास पहिल्यापासून बसला नाही. रॅलेचा बिल्ला मिळणं आपल्या देशात कधीच कठीण नव्हतं. आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना होता आणि तिथल्या काळ्या सायकली गावोगाव फिरत होत्या. मोडीत निघालेल्या एखाद्या सायकलचा बिल्ला काढून दुसरीवर ठोकायला दोन रिव्हेट पुरतात.

शिवाय नंबर जुळत नव्हता. १९७०च्या दशकात रॅलेच्या रोड बाइकवर जो नंबर येऊ लागला तो अक्षरांनी सुरू होतो. पहिलं अक्षर कारखान्याचं: एन म्हणजे नॉटिंगहॅम, डब्ल्यू म्हणजे वर्कसॉप, जिथे रॅलेच्याच मालकीच्या कार्लटन कंपनीच्या फ्रेमी बनत. दुसरं अक्षर वर्षातला काळ सांगतं आणि त्यापुढचा आकडा हा वर्षाचा शेवटचा अंक असतो. माझ्या फ्रेमवर असं काहीच नव्हतं. बीबीच्या नळीखाली रंग पुसला तर दोन बारीक भोकं तेवढी दिसली, पूर्वी तिथे एखादी पट्टी रिव्हेटने बसवलेली असावी तशी.

मोजमाप मी घरीच केलं. इंग्लिश पद्धतीच्या फ्रेममध्ये वरची आडवी नळी २५.४ मिलिमीटर असते, म्हणजे एक इंच, आणि सीटची नळी २८.६, म्हणजे बरोबर नऊ सूत. जुन्या फ्रेंच फ्रेमींत याच नळ्या २६ आणि २८ मिलिमीटरच्या असतात. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा, आणि एनॅमलचा जाड थर तेवढा सहज खातो. म्हणून नळीच्या दोन्ही अंगांना नखाएवढी जागा पॉलिश पेपरने धातूपर्यंत साफ करून मोजायची. मी मोजलं: २६ आणि २८. स्टेमचा, म्हणजे हँडल धरणाऱ्या तुकड्याचा, दांडाही २२ भरला, इंग्लिश असता तर २२.२ भरला असता. सायकल फ्रान्सची आहे हे तेव्हाच ठरलं होतं. हे सगळं कागदावर लिहून मी शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेलो. बीबी उघडायचा, छर्रे बदलायचे आणि आतले आटे कुठल्या मापाचे आहेत ते बघायचं, एवढंच काम होतं.

काउंटरवरच्या गृहस्थांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. बगळ्यावर बोट ठेवून म्हणाले, "इंग्लिश सायकल आहे. उजव्या बाजूला उलटे आटे. आम्ही रोज काढतो."

इंग्लिश सायकलपुरतं ते खरंच आहे. इंग्लिश बीबीत उजव्या कपाला उलटे आटे असतात, तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो. पायडल मारताना छर्रे कपाला हळूहळू उलट दिशेला ढकलत असतात, म्हणून इंग्लिशांनी आटेच उलटे ठेवले. फ्रेंचांनी दोन्ही बाजूंना सुलटे आटे ठेवले आणि उजवा कप ढिला पडू नये म्हणून तो कारखान्यातच प्रचंड ताकदीने आवळला. असा कप इंग्लिश समजून फिरवला तर तो आणखी बसतो.

त्यांनी नेमकं तेच केलं. डावा कप सहज निघाला. उजव्याला लांब पाना लावला, पान्याच्या दांड्यावर पाइप घातला. हलला नाही. मग कपातून जाड बोल्ट घालून, वायसर लावून, नट आवळून फिरवायची युक्ती केली. ती इंग्लिश कपाला फार छान लागू पडते, कारण नट आवळण्याची दिशा आणि कप सुटण्याची दिशा तिथे एकच. फ्रेंच कपाला तिने घट्ट आवळण्यापलीकडे काही होत नाही. मी दर खेपेला सांगत होतो, "भाऊ, एकदा उलट फिरवून बघा." उत्तर ठरलेलं: "उलट फिरवलं तर आटे जातील. उद्या या."

उद्या गेलो की मेस्त्री आलेला नसायचा. पुढच्या खेपेला केरोसीन टाकून ठेवलंय, मुरू दे. मग चतुर्थी आली आणि दुकानातली निम्मी माणसं गावाला गेली. सायकल मागच्या पडवीत, वळचणीचं पाणी चाकांवर, आणि खरवडलेल्या जागी ताजा गंज. एकदा पाहिलं तर कपाच्या कडेवर छिन्नीचे घाव होते. विचारलं तर कुणीच काही सांगेना. शेवटी "वेल्डिंगने एक नट चिकटवून ओढून काढू" अशी भाषा सुरू झाली, तेव्हा मी सायकल, क्रँक, एक्सल आणि डावा कप पिशवीत भरून घेऊन आलो. मजुरी मागितली, तीही दिली. त्या पडवीत सायकल आणखी एक रात्र ठेवायची नव्हती.

तिथून थेट डिचोलीला, एका लेथवाल्याकडे. २०१२ मध्ये खाणी बंद पडेपर्यंत त्यांच्याकडे ट्रकांची आणि बार्जींची कामं चालायची, सायकल त्यांनी आयुष्यात दुरुस्त केलेली नव्हती. त्यांनी पिशवीतला डावा कप बाहेर काढला, पुसला, पिच गेजची (दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, मोजायची) पाती लावली आणि म्हणाले, "एक मिलिमीटर. हे इंची नव्हेच."

माझा राग इथेच आहे. इंग्लिश कपावर इंचाला २४ आटे, म्हणजे १.०६ मिलिमीटरचा पिच. फ्रेंच कप ३५ मिलिमीटर व्यासाचा आणि १ मिलिमीटर पिचचा. व्यास जवळजवळ सारखाच असतो, त्यामुळे व्हर्निअरने फसायला होतं. पिच गेजने फसायला होत नाही. सुटलेला डावा कप त्या दुकानाच्या ताटलीत पहिल्या दिवसापासून पडून होता. पाच मिनिटांची तपासणी होती.

एक शंका उरत होती. स्विस पद्धतही ३५ बाय १ चीच, फक्त तिचा उजवा कप उलट्या आट्यांचा, आणि मोटोबेकान या फ्रेंच कंपनीच्या पुष्कळ फ्रेमी स्विस आट्यांच्या आहेत. लेथवाल्यांनी ती शंका तिथेच निकालात काढली: "त्या दिशेला इतकी ताकद लावूनही हलला नाही ना? मग दुसरी दिशा." कपाला समोरासमोर दोन चपट्या बाजू असतात. त्या मोठ्या व्हाइसमध्ये पक्क्या धरल्या आणि फ्रेम दोन्ही हातांनी धरून अख्खी फ्रेमच फिरवली. फ्रेमची लांबीच पान्याचं काम करते. कट्‌ असा एक आवाज आला आणि कप सुटला. मला तिथेच लेथच्या पाट्यावर बसावंसं वाटलं, इतकं हलकं झालं. केरोसीनमध्ये धुतल्यावर कपाच्या तोंडावर ३५ बाय १ असं कोरलेलं स्पष्ट दिसलं.

फ्रान्सची हे सिद्ध झालं, पण कंपनी? त्यासाठी पुन्हा हळदोण्याला गेलो आणि या वेळी प्रश्न बदलला. "रॅले कुठून आणली" असं न विचारता "काकांनी फ्रान्सहून सायकल आणली होती का" असं घरातल्या आंटीला विचारलं. आंटी आत गेल्या आणि आल्बम घेऊन आल्या. घराच्या बाल्कांवावर (ओसरीवर) काका, शेजारी टेकवलेली पांढरी सायकल, खालच्या तिरक्या नळीवर मोठी अक्षरं: प्यूजो. बगळा नंतर भाच्याच्या वडिलांनी ठोकला होता, त्यांना तो आवडायचा म्हणून. जुनी सायकल ज्या घरातून घ्याल तिथे फोटो जरूर विचारा. मला हे आधी कुणी सांगायला हवं होतं.

प्यूजो म्हटलं की प्रत्येकाला आपली पीएक्स-१० असावी असं वाटतं, मलाही वाटलं. ती त्यांची शर्यतीची सायकल: रेनॉल्ड्स ५३१ या हलक्या पोलादाच्या नळ्या, स्ट्राँगलाइटचा कॉटर (क्रँक एक्सलवर पक्का धरणारी पिन) नसलेला अॅल्युमिनियमचा क्रँक, चिकटवायचे ट्यूब्युलर टायर, सीटचा दांडा २६.४. माझ्या सायकलचा दांडा २४ मिलिमीटरचा, क्रँक लोखंडी आणि कॉटर पिनचा, ब्रेक माफाकचे मधून ओढणारे, गिअर सिम्प्लेक्सचे काळ्या प्लास्टिकचे, मागे पाच चकत्या, चाकं २७ इंची लोखंडी रिमची. हा सगळा संच यूओ-८ चा, त्या काळात परदेशात सगळ्यात जास्त दिसणाऱ्या प्यूजोंपैकी एक. यूई-८ ही तिचीच मडगार्ड, कॅरियर आणि डायनॅमोवाली बहीण, पण फोटोत त्यातलं काही नाही. मिक्स्टे, म्हणजे वरची नळी खाली उतरती असलेल्या, फ्रेमची असती तर यूओ-१८. साधी असली तरी चालवायला इतकी मऊ सायकल मी आजवर चालवलेली नाही.

आता राहिलेलं, आठवेल तसं. हँडलच्या स्टेमवर आव्हा (AVA) असं लिहिलेलं असेल तर चालवण्याआधी तो बाहेर काढून खालच्या खाचेपाशी चीर आहे का ते बघा. हे स्टेम तिथे तुटतात, आणि मी माझा बदलला. पायडलचे आटेही फ्रेंच, १४ मिलिमीटरचे. बाजारातलं साधं पायडल जोर लावून घुसवू नका. २७ सव्वाचा टायर ६३० मिलिमीटरच्या रिमचा असतो. दुकानदार २८ दीडचा पुढे करतात, तो ६३५ चा, रिमवर सैल बसतो. ७०० सी चा ६२२, तो चढतच नाही. मी बाहेरून मागवला. सायकलवर शिमानोचे भाग असतील तर त्यांच्यावरची दोन अक्षरं वाचा: पहिलं वर्षाचं, ए म्हणजे १९७६ आणि पुढे क्रमाने, दुसरं महिन्याचं. भाग बदललेला असू शकतो, त्यामुळे एकाच भागावरून सायकलचं वर्ष ठरवू नका.

बीबीत पाव इंची छर्रे, प्रत्येक बाजूला अकरा, पिंजऱ्याशिवाय. छिन्नीचे घाव कडेवरच होते, आतली वाट शाबूत होती, त्यामुळे जुनेच कप परत बसवले. फ्रेंच कप आपल्याकडे सहज मिळत नाहीत, ते फेकू देऊ नका. उजवा कप बसवताना लेथवाल्यांनी तो पुन्हा व्हाइसमध्ये धरून फ्रेमने आवळला, आणि मी बीबीच्या नळीखाली रंगाने बाण काढून ठेवला आहे: सुटण्याची दिशा ही.