कूलरवर फोडलेलं खापर

वेव्ह सोल्डरिंगवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्ड वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून नेऊन सुट्या भागांचे पाय जोडणाऱ्या मशीनवर, काम करणाऱ्याला एक खोड लागते. बोर्ड मशीनमधून बाहेर आला की आधी तो उलटा करायचा. वरचे रिले, कॅपॅसिटर सगळे जग बघतं, आमची अब्रू खालच्या बाजूला असते.

मे महिना, हिंगणा एमआयडीसी. शेतपंपाच्या स्टार्टरचं कंट्रोल कार्ड चालू होतं. बोर्ड उलटा केला तर रिलेच्या पायांपाशी सोल्डरला भोकं, ज्वालामुखीच्या तोंडासारखी. ब्लोहोल. दर चार बोर्डांमागे एक तरी सापडायचा.

ब्लोहोल म्हणजे सोल्डर गोठत असताना आतून वाफ निघाली आणि तिची वाट तशीच उघडी राहिली. वाफ म्हणजे पाणी. आणि मे महिन्यात नागपुरात पाणी शोधायचं! बाहेर 45 डिग्री, हवा अशी कोरडी की ओठ फुटतात. मॅनेजर म्हणाले, "ओल-बिल पावसाळ्यात बघू मॅडम, आता मशीन बघा." त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एकच औषध आहे: पॉटचं, म्हणजे वितळलेल्या सोल्डरच्या टाकीचं, तापमान वाढवा. आमचं सोल्डर 63/37, म्हणजे 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिसं, ते 183 ला वितळतं, पॉट 250 वर चालतो. तो 265 केला तर ड्रॉस, म्हणजे सोल्डरवर जमणारी मळी, तेवढा वाढतो. हे दरवर्षी नव्याने सांगावं लागतं.

तरी मशीन बघितलं, आणि खरं सांगायचं तर हौसेने बघितलं. रेघांची काच कन्व्हेअरवरून सोडली, लाट दोन्ही कडांना सारखी लागते का ते पाहिलं. संपर्क 5 सेंटीमीटर, वेग मिनिटाला 1 मीटर, म्हणजे बोर्ड 3 सेकंद लाटेत. बरोबर. फ्लक्सची, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून बोर्डाला आधी लावायच्या रसायनाची, टाकी उघडी, फेसाची. या उन्हात तिच्यातलं अल्कोहोल भराभर उडतं, म्हणून दर दोन तासांनी हायड्रोमीटर बुडवून थिनर घालत होतो. फेसासाठी जी हवा येते तिच्यातून पाणी येत असेल म्हणून कॉम्प्रेसरचा ड्रेन उघडला. थेंब नाही. लाटेआधी बोर्ड तापवणारा प्रीहीट वाढवला, बोर्डाची वरची बाजू 100 ची 115 केली. भोकं थोडी कमी झाली, गेली नाहीत. यात दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी टचअपच्या, म्हणजे हाताने दुरुस्तीच्या, टेबलावरच्या ताई सहज बोलल्या, "मॅडम, हाताने सोल्डर भरलं ना, तरी फुस्स करून राहिलं."

मी तिथेच थांबले. हाताच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीनेही फुस्स होतंय, म्हणजे लाटेचा दोष नाही, बोर्डाचाच आहे. ताईंना हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं. विचारलं कोणी नव्हतं. मीही नाही.

कोरा बोर्ड घेतला, पाय घालायच्या भोकावर पारदर्शक तेलाचा थेंब ठेवला, इस्त्री टेकवली आणि भिंगातून पाहिलं. भोकाच्या एका बाजूच्या भिंतीतून बुडबुड्यांची माळ. बोर्ड पाणी प्यायला होता.

कुठे प्यायला, ते स्टोअरचं दार उघडताच कळलं. गार, ओला, वाळ्याचा वास. भला मोठा कूलर भरधाव चालू, आणि त्याच्यासमोरच्या रॅकवर फोडलेल्या पाकिटांतले बोर्ड. स्टोअरचे काका म्हणाले, "मोजल्याशिवाय माल मिळाल्याचा जीआरएन कसा करू मॅडम? अन् कूलर बंद केला त मानूस टिकन का इथं?" पत्र्याच्या छताखाली त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

त्याच लॉटचे 40 बोर्ड ओव्हनमध्ये 110 वर चार तास भाजले आणि 40 तसेच चालवले. न भाजलेल्यांत 11 खराब निघाले, भाजलेल्यांत 2. मॅनेजर खूश. ग्राहकाच्या फॉर्मवर 'मूळ कारण' असा एकच चौकोन असतो, त्यात मी लिहिलं: स्टोअरमध्ये कूलरमुळे ओल. काकांना लेखी समज मिळाली, कूलर भिंतीपलीकडे ऑफिसच्या बाजूला गेला.

ते 2 बोर्ड मात्र डोक्यातून जाईनात. तो कूलर गेल्या उन्हाळ्यातही तिथेच होता, पाकिटं तेव्हाही फोडली जात होती, आणि ब्लोहोल नव्हते. फेब्रुवारीत बदलला होता तो बोर्डाचा पुरवठादार, बोर्डामागे काही रुपये वाचतात म्हणून. पायाच्या भोकाच्या भिंतीवरचं तांबं सलग आणि पुरेसं जाड असेल तर आतली वाफ तिथून सहजी फुटत नाही. मी दोन बोर्ड कापून तपासायला बाहेर पाठवले. जूनमध्ये रिपोर्ट आला. तांब्याची जाडी ड्रॉइंगवर 25 मायक्रॉन, काही भोकांत 15 सुद्धा नाही.

रिपोर्ट परचेसला पाठवला. उत्तर आलं, "केस क्लोज झाली आहे ना?" काकांवरचा कागद मागे घ्या, असं मी एचआरला तोंडी सांगितलं. लेखी अजून दिलेलं नाही.

काल त्याच पुरवठादाराचा नवा लॉट आला. स्टोअरमधून फोन. काका विचारत होते, "मॅडम, पाकीट फोडू का?"