काकडी: कधी घाबरायचं, कधी नाही

रविवार
आज काकडीचं बी पेरलं. मोठ्या कुंडीतच, थेट. आधी छोट्या कपात रोप करून मग हलवायचा बेत होता, पण काकडीच्या मुळांना धक्का लागलेला चालत नाही म्हणतात. मग हा दुहेरी खटाटोप हवाच कशाला? माती, भरपूर गांडूळखत, थोडं कोकोपीट. बी दीडेक सेंटीमीटर खोल आणि आडवं ठेवलं. मातीत ऊब हवी, 25 ते 30 अंशांच्या आसपास. गार मातीत बी रुजण्याऐवजी कुजतं. पाणी बेताचं, वाफसा राहील इतकंच, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही.

शनिवार
उगवलं! आधी दिसते ती वाकलेली मान. दोन्ही टोकं मातीत आणि मधला पांढरट बाक वर. दुपारपर्यंत मान सरळ झाली, दोन जाड दलं, म्हणजे बियातलीच पहिली पानं, बाहेर आली आणि बियाचं टरफल मातीतच राहिलं. ते कोण धरून ठेवतं? मूळ आणि देठ जिथे जुळतात तिथे एक बारीकसा आकडा फुटतो. तो टरफलाची खालची कड दाबून धरतो आणि दलं वर निसटतात. बी आडवं असेल तर हा आकडा फक्त जमिनीकडच्या बाजूला येतो. 1998 मध्ये डिस्कव्हरी यानातून काकडीचं बी अंतराळात नेऊन रुजवलं, तेव्हा रोपांना दोन्ही बाजूंना आकडे आले. म्हणजे गुरुत्वाकर्षण आकडा घडवत नाही, वरच्या बाजूचा रोखतं. हे वाचल्यावर उरलेल्या बियांपैकी एक ओल्या कागदात रुजत घातलं आणि भिंगातून पाहिलं. आकडा आहे. नखाच्या टोकावर मावेल एवढा, पण आहे.

बुधवार
चार खरखरीत पानं आली आणि खालची दलं पिवळी पडायला लागली. पोटात गोळा आला. खत कमी? पाणी जास्त? शेवटी कळलं की दलांचं काम संपलं की ती पिवळी पडून गळतात. त्यांच्यात साठवलेलं रोपाला पोचवून झालं. नवी पानं हिरवीगार असतील तर खाली बघून उसासे टाकायचं कारण नाही.

दुपारच्या मलूल पानांचंही तसंच. भर उन्हात ही रुंद पानं जेवढं पाणी हवेत सोडतात तेवढं मुळांना पुरवता येत नाही, म्हणून माना टाकतात. मलूल दिसली की लगेच झारी उचलायची नाही. बोट मातीत खुपसायचं. आत ओल असेल तर संध्याकाळची वाट बघायची. आज वेल संध्याकाळी ताठ झाली होती. सकाळीही मलूल असेल तर मात्र गंभीर.

सोमवार
तणाव्याने, म्हणजे वेलीच्या आधार शोधणाऱ्या बारीक तंतूने, दोरी धरली. आधी तो हवेत चाचपडत फिरत होता, टोक दोरीला लागलं तसं त्याने वेढे घेतले. दोन-तीन दिवसांत मधला भाग जुन्या टेलिफोनच्या वायरसारखा गुंडाळला आणि वेल दोरीकडे ओढली गेली. नीट पाहिलं तर अर्धे वेढे एका दिशेने, अर्धे उलट दिशेने, आणि मधे एक सरळ तुकडा. दोन्ही टोकं बांधलेली असताना एकाच दिशेने पीळ घालताच येत नाही, दोरी घेऊन करून बघा. डार्विनने 1865 मध्ये वेलींवर लिहिताना हे कारण दिलं होतं. मला ते आज, दोरीचा गुंता सोडवताना पटलं.

शुक्रवार
फुलं भराभर येतात आणि गळून पडतात. काकडी एकही नाही. पुन्हा धास्ती, पुन्हा फुकटची! पहिल्या बहरात बहुतेक नर फुलंच असतात. ती एक दिवस फुलतात आणि पडतात. मादी फूल ओळखायला सोपं, त्याच्या मागे इवलीशी काटेरी काकडी आधीपासूनच असते. आज असं पहिलं फूल दिसलं.

मंगळवार
ही धास्ती मात्र खरी निघाली. दोन पिल्लू-काकड्या पिवळ्या पडून सुरकुतल्या. इकडे मधमाशी फारशी फिरकत नाही, म्हणजे पराग पोचलेच नसणार. मग सकाळी लवकर नर फूल तोडलं, पाकळ्या सोलल्या आणि आतला परागाचा गोंडा मादी फुलाच्या मधोमध हलकेच सगळीकडून टेकवला. अर्धवट पराग मिळाले तर काकडी वाकडी किंवा एका टोकाला बारीक होते. हे सकाळीच करायचं. मादी फूलही जेमतेम एक दिवस उघडं असतं. बियाण्याच्या काही जातींना परागांची गरजच नसते, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. पुढच्या वेळी पाकीट घेताना तेवढं वाचायचं.

रविवार
खालच्या पानावर पांढरी पूड. भुरी. इथे वाट बघत बसायचं नाही. पान कापून फेकलं, आजूबाजूची दाटीही विरळ केली, वारा खेळायला हवा. पानावर पाणी पडू दिलं नव्हतं तरी आलीच; या बुरशीला पान ओलं असायची गरज लागत नाही.

गुरुवार
पहिली काकडी तोडली. देठाकडचं टोक किंचित कडू, बाकी गोड. कडवटपणा देठाकडे आणि सालीखाली जास्त असतो आणि पाण्याचा ताण पडला की वाढतो. मधे दोन दिवस ऊन फार कडक होतं, त्याचाच हा प्रसाद असावा.

दुसरी अजून वाढू द्यावी असा मोह होतो आहे. पण वेलीवर एखादी काकडी पिकून पिवळी झाली की वेलीचा जोर बी भरण्यात जातो आणि नवी फळं कमी होतात. बी धरण्यासाठी ठेवावी, तर पाकिटावर ‘संकरित’ लिहिलंय. त्या बियातून हीच काकडी येईल याची खात्री नाही. तेव्हा दुसरीही उद्या सकाळीच तोडायची.