पाव टक्का

आमच्या घरात रिझर्व्ह बँकेने व्याजदर कमी केले की मी खूश आणि आईचं तोंड पडलेलं, वाढवले की बरोब्बर उलट. सकाळी दहाला गव्हर्नर टीव्हीवर बोलायला बसले की आई गवारीच्या शेंगा मोडत समोर बसते. सगळं कळतं असं नाही, पण एवढ्या सगळ्या इंग्रजीतून ‘ट्वेंटी फाइव्ह बेसिस पॉइंट्स’ तिला नेमकं ऐकू येतं आणि ती म्हणते, घे, खाल्ला माझा पाव टक्का!

कारण साधं आहे. माझ्यावर घराचं कर्ज आहे आणि तिची सगळी पुंजी एफडीत. 2025 साली फेब्रुवारीत पाव, एप्रिलमध्ये पाव आणि जूनमध्ये डायरेक्ट अर्धा टक्का असा करत रेपो रेट 6.50 वरून 5.50 वर आला, तेव्हा माझ्या मोबाईलवर व्याज कमी झाल्याचे मेसेज येत होते आणि तिच्या वेगवेगळ्या बँकांतल्या काही एफडी नेमक्या त्याच सुमारास मॅच्युअर होत होत्या. सगळ्या मिळून दहा लाखांवर एक टक्का कमी म्हणजे वर्षाला दहा हजार गेले, हा हिशोब तिने कॅल्क्युलेटरशिवाय केला. वर हेही ऐकवलं की तिच्या वयाच्या माणसाला पगारवाढ नसते.

रेपो म्हणजे काय ते मी तिला एकदा समजावायला गेलो. बँकेला एखाद-दोन दिवसांपुरते पैसे कमी पडले तर ती आपल्याकडचे सरकारी रोखे रिझर्व्ह बँकेकडे ठेवते, पैसे उचलते आणि ठरलेल्या दिवशी व्याजासकट पैसे देऊन रोखे सोडवून आणते, त्या व्याजाचा दर म्हणजे रेपो. आई म्हणाली, म्हणजे पाटल्या गहाण टाकतात तसंच की! आता यावर मी अजून काय समजावणार. गंमत अशी की बँका कायम रेपोवर पैसे उचलतच असतात असंही नाही, बाजारात पैसा बक्कळ असला की त्याच आपले जास्तीचे पैसे रिझर्व्ह बँकेकडे नेऊन ठेवतात, पण दर जाहीर झाला की सगळ्यांच्या नजरा त्याच एका आकड्यावर. आणि माझ्यासारख्यांचं कर्ज तर थेट त्यालाच बांधलेलं. ऑक्टोबर 2019 पासून नवीन फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची, गृहकर्जं बाहेरच्या कुठल्यातरी दराला, म्हणजे बहुतेक ठिकाणी रेपोलाच, जोडायची असा नियम झाला, त्याच्या आधी दर उतरले तरी ते आपल्यापर्यंत पोचायला बँका फार वेळ लावायच्या. वाढलेले मात्र लगेच पोचायचे, हे माझं मत, पण कर्ज असलेल्या कुणालाही विचारा.

जोडणीची दुसरी बाजू 2022 मध्ये कळली. 4 मेला मीटिंग ठरलेली नसताना अचानक 0.40 टक्के वाढ आणि मग थांबायचं नावच नाही, फेब्रुवारी 2023 पर्यंत 4 वरून 6.50. आता 7 टक्क्यांनी वीस वर्षांसाठी 30 लाख घेतलेल्या माणसाचा हप्ता येतो साधारण 23,259 रुपये. दर झाला साडेनऊ. तर 30 लाखांवर पहिल्याच महिन्याचं नुसतं व्याज होतं 23,750. म्हणजे हप्ता तोच ठेवला तर तो व्याजालाही पुरत नाही, मुद्दल कमी व्हायचं सोडून वाढत जातं आणि मुदत वीसची तीस काय, कधीच संपत नाही! बऱ्याच जणांचे हप्ते न वाढता महिने वाढले होते, आणि स्टेटमेंट उघडून कोण बघतंय, रिटायर होईपर्यंत फिटेल म्हणून घेतलेलं कर्ज रिटायरमेंटच्या पलीकडे गेलं होतं. आई त्या काळात मात्र खुशीत, साडेसात टक्के मिळतायत म्हणून मैत्रिणींना फोन करून सांगायची.

हे सगळं महागाईसाठी. कायद्याने रिझर्व्ह बँकेला टार्गेट दिलंय 4 टक्के, खाली 2 आणि वर 6 पर्यंत चालेल. 2022 मध्ये सलग तीन तिमाही 6 च्या वर गेली तेव्हा बँकेला सरकारला खुलासापत्र लिहावं लागलं, आणि ते पत्र जनतेला काही दाखवलं नाही. माझी शंका एवढीच की लासलगावला कांदा पावसाने सडला तर मुंबईत मिंट रोडवरच्या रिझर्व्ह बँकेच्या मुख्यालयातून दर वाढवून काय होणार, कांदा थोडाच परत येतो. पण त्यांचं म्हणणं असं की कर्ज महागलं की लोक गाड्या, फ्लॅट, फ्रिज पुढे ढकलतात, मागणी थंडावते, आणि मुख्य म्हणजे महागाई वाढतच राहणार हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसत नाही. पटतं अर्धं. हप्ता वाढला तेव्हा आम्ही सोफा पुढे ढकलला होता हे खरं.

आईची अजून एक पक्की समजूत, की तिचेच पैसे बँकेने उचलून मला कर्जाऊ दिले. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. पण माझं कर्ज मंजूर झालं तेव्हा कुणाच्याही खात्यातून एक रुपया कमी झाला नाही. बँकेने एकीकडे माझ्या नावावर कर्ज लिहिलं आणि दुसरीकडे घर विकणाऱ्याच्या नावावर तेवढीच रक्कम जमा दाखवली, झाला पैसा तयार! सगळं कीबोर्डवर. मग बँका वाट्टेल तेवढा पैसा का नाही तयार करत? कारण विकणाऱ्याचं खातं दुसऱ्या बँकेत असलं की माझ्या बँकेला त्या बँकेला खरोखरचे पैसे द्यावे लागतात, आणि ते रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांमधून फिरतात. म्हणजे पासबुक बँकांनाही असतं. वर स्वतःचं भांडवल लागतं, सीआरआर म्हणून ठेवींचा ठरलेला हिस्सा बाजूला ठेवावा लागतो. शंभराच्या ठेवीमागे 4 रुपये बिनव्याजी रिझर्व्ह बँकेकडे पडून राहायचे, ते 2025 च्या अखेरीला 3 वर आणले. आईला यातलं बिनव्याजी तेवढं आवडलं. बँकांनाही कुणीतरी बिनव्याजी ठेवायला लावतं, म्हणाली, बरं वाटलं ऐकून.

रिझर्व्ह बँकेवर तिचा विश्वास मात्र जबरदस्त, त्याचं अर्धं कारण चिंतामणराव देशमुख. 1935 ला सुरू झाली तेव्हा ती भागधारकांची बँक होती, 1 जानेवारी 1949 ला सरकारी झाली तेव्हा गव्हर्नर होते महाडकडचे चिंतामणराव, आणि पुढे याच माणसाने मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलं. एवढ्यावर आईच्या लेखी ती बँक कायमची चांगली. बाकीच्या बँकांना ही सवलत नाही. 2019 साली पीएमसी बँकेच्या खातेदारांना सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढता येतील अशी बातमी आली, दारासमोरच्या रांगा तिने टीव्हीवर बघितल्या आणि दुसऱ्याच दिवशी एफडींची फेरमांडणी सुरू केली. ठेवींवर विमा असतो हे तिला तेव्हाच कळलं. केरळातली पलाई सेंट्रल बँक 1960 मध्ये बुडाल्यावर हा विमा आला, 1962 पासून, सुरुवातीला 1,500 रुपयांपर्यंतचा. 2020 च्या फेब्रुवारीत तो एक लाखाचा पाच लाख झाला, दर बँकेत दर माणशी, सगळ्या शाखा मिळून, आणि व्याज धरून. हे ‘व्याज धरून’ तिने बरोब्बर पकडलं, त्यामुळे आता कुठल्याही बँकेत साडेचार लाखांच्या वर मुद्दल नाही, उरलेल्या जागेत व्याज मावलं पाहिजे. डब्यात पासबुकांचा गठ्ठा आणि प्रत्येकाला वेगळ्या रंगाचं रबर.

परवा मात्र तिने कहर केला. म्हणाली, मला साडेसहा देतात, तुझ्याकडून आठ घेतात, मधला दीड टक्का कशाला द्यायचा त्यांना, मीच देते तुला सात टक्क्यांनी, दोघांचाही फायदा. मी गप्पच. अर्थशास्त्राचं आख्खं पुस्तक एका वाक्यात निकालात! मग म्हटलं, अगं पण मला वीस वर्षांत फेडायचेत, तुला मधेच दवाखान्याला लागले तर मी कुठून आणू, बँकेकडे हजारो लोकांचे असतात म्हणून तिचं भागतं, सगळे एकदम मागायला येत नाहीत. आणि माझी नोकरी गेली तर? बँक तो बुडीत खर्च शंभर जणांच्या व्याजातून भरून काढते, तू कशातून काढशील?

तिने शेंगा बाजूला सारल्या, थोडा विचार केला आणि म्हणाली, बरोबर आहे, मग आधी तारण काय देतोस ते सांग.